फाईलमधल्या शब्दांचा अर्थ: मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ठाण्यात नौपाडा, वागळे इस्टेट, कळवा आणि खाडीपलीकडे ऐरोली-कोपरखैरण्यापर्यंत घरी जाऊन रुग्णांचे व्यायाम घेते. पहिल्या भेटीत बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. मी चपला काढते न काढते तोच कुणीतरी आतून फाईल आणतं, डिस्चार्ज कार्ड उघडतं, एका शब्दाखाली बोट ठेवतं आणि हळूच विचारतं, “ताई, हे म्हणजे काय हो?” हळूच, कारण आत झोपलेल्या माणसाला ऐकू जायला नको असतं.

त्या बोटाखालच्या शब्दांसाठी हे लिहिते आहे. निदान करणं माझं काम नाही आणि हे वाचून तुम्हीही ते करू नका. पण शब्द कळला की डॉक्टरांसमोरच्या पाच मिनिटांत नेमकं काय विचारायचं ते सुचतं. एरवी ती पाच मिनिटं नुसती मान डोलावण्यात जातात.

हे शब्द इतके अवघड का असतात? पाठ करावे लागतात का?

पाठ करू नका, फोडा. शाळेत समास सोडवायचो तसे. पक्षाघात म्हणजे एका पक्षाला, एका बाजूला झालेला आघात, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. ग्रीक-लॅटिन शब्दही असेच जोडलेले असतात. बहुधा पुढचा तुकडा जागा सांगतो आणि मागचा तुकडा तिथे काय झालं ते सांगतो.

जागा अशा: एन्सेफॅलो म्हणजे मेंदू, मायलो म्हणजे मज्जारज्जू, मेनिंजो म्हणजे मेंदूभोवतीची आवरणं, रॅडिक्युलो म्हणजे मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसेचं मूळ. मागे ‘आयटिस’ लागलं तर दाह, ‘पथी’ लागलं तर बिघाड, ‘एक्टमी’ लागलं तर काहीतरी कापून काढलं. आता मायलायटिस, मायलोपथी, मेनिंजायटिस, एन्सेफलायटिस हे चार शब्द स्वतःच सोडवून बघा.

दोन ठिकाणी मात्र हा हिशेब फसतो. ‘मायलो’ अस्थिमज्जेलाही म्हणतात, त्यामुळे ऑस्टिओमायलायटिस हा हाडाचा आजार आहे आणि मल्टिपल मायलोमा अस्थिमज्जेतल्या पेशींचा. दुसरा शब्द ‘ओमा’. त्याचा अर्थ गाठ असा असला, तरी हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. कळव्यातल्या एका घरात मुलाने ‘सबड्युरल हिमॅटोमा’ वाचून वडिलांना कॅन्सर झालाय असं ठरवलं होतं आणि तीन दिवस आईला सांगितलं नव्हतं. तीन दिवस तो एकटा ते ओझं घेऊन फिरत होता. हे लिहायला घेतलं त्याला तो मुलगा एक कारण आहे.

मणका, मज्जारज्जू आणि नस यांत फरक काय?

मणके म्हणजे हाडं. एकावर एक रचलेल्या मणक्यांच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू खाली येतो. करंगळीएवढा जाड आणि मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटीमीटर लांब. त्यातून नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. पुष्कळांना माहीत नसतं की मज्जारज्जू माकडहाडापर्यंत जात नाही. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली उरतो तो नसांचा झुपका. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसला, म्हणून त्याचं नाव कॉडा इक्वायना, म्हणजे अश्वपुच्छ.

आपल्या बोलण्यातल्या ‘नस’ या शब्दाकडेही जरा लक्ष द्या. “नस दबली” म्हणतो तेव्हा मज्जातंतू, “डोक्यातली नस फुटली” म्हणतो तेव्हा रक्तवाहिनी, आणि “पायात नस चढली” म्हणतो तेव्हा बहुतेकदा स्नायूचा पेटका. तिन्हींचे डॉक्टर वेगळे, औषधं वेगळी. डॉक्टरांनी “नसेचा प्रॉब्लेम आहे” असं म्हटलं तर “रक्ताची नस की संवेदनेची?” एवढं विचाराच.

‘एल-४ एल-५’, ‘सी-५ सी-६’, ‘डी-१२’ हे काय असतं?

मणक्यांचे पत्ते. मानेतले ७ मणके सी, छातीमागचे १२ डी, कमरेचे ५ एल. छातीच्या मणक्यांना आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ‘डी’ लिहितात, काही रिपोर्टांत ‘टी’ असतं. दोन्ही एकच, डी-१२ गेला आणि टी-१२ आला असं समजून घाबरू नका. त्याखाली ‘एस’, म्हणजे सॅक्रम, कमरेखालचं त्रिकोणी हाड. ‘एल-४ एल-५ डिस्क’ म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी.

‘अक्यूट’ म्हणजे गंभीर आणि ‘क्रॉनिक’ म्हणजे बरा न होणारा, बरोबर?

दोन्ही चूक, आणि हा गैरसमज मी रोज ऐकते. हे काळाचे शब्द आहेत. अक्यूट म्हणजे अचानक, नुकतं सुरू झालेलं. सबअक्यूट म्हणजे काही दिवस-आठवड्यांचं. क्रॉनिक म्हणजे बराच काळ चाललेलं. अक्यूट दुखणं आठवड्यात थांबू शकतं आणि क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा छोट्या शस्त्रक्रियेने पूर्ण निघू शकतो. तीव्रता सांगणारे शब्द वेगळे असतात: माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. ते कुठे लिहिलेत ते शोधा.

बाबांच्या ‘मणक्यात गॅप’ आलाय. कुणी म्हणतं गादी सरकली, कुणी म्हणतं स्पॉन्डिलायटिस. खरं काय?

याचं उत्तर लांब आहे, कारण ठाण्यात मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे.

‘गॅप’ नावाचा आजार नाही. मणक्यांमध्ये गादी असते, म्हणजे डिस्क. वयाबरोबर तिच्यातलं पाणी कमी होतं. रिपोर्टात त्याला डेसिकेशन म्हणतात. मग दोन मणक्यांमधलं अंतर उलट कमी होतं. म्हणजे आपण म्हणतो त्याच्या नेमकं विरुद्ध. गादी सरकतही नाही, ती कडेने फुगते किंवा फाटून आतला मगज बाहेर येतो. थोडी फुगली तर बल्ज, एका जागी पुढे आली तर प्रोट्रूजन, मगज बाहेर आला तर एक्स्ट्रूजन, आणि त्याचा तुकडा सुटा झाला तर सिक्वेस्ट्रेशन.

आता सारख्या वाटणाऱ्या तीन शब्दांचा घोळ. स्पॉन्डिलोसिस म्हणजे वयोमानाने मणक्यांची झालेली झीज. मानेच्या दुखण्याला आपण सर्रास ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा हीच झीज असते. खरा स्पॉन्डिलायटिस म्हणजे मणक्यांचा दाह. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस हा तरुणांना होणारा वेगळाच आजार आहे. त्यात सकाळी कंबर आखडते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते. त्याचे डॉक्टर म्हणजे संधिवाततज्ज्ञ. पंचविशीतला मुलगा सहा महिने “स्पॉन्डिलायटिस आहे, पट्टा लावतो” म्हणत असेल तर तो कुठला, हे विचारून घ्या. तिसरा शब्द स्पॉन्डिलोलिस्थेसिस: एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे घसरणं. ‘सरकलं’ हा शब्द खरा लागू पडतो तो इथे.

रिपोर्टात बल्ज दिसला म्हणजे दुखणं त्याचंच असेल असं नाही. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन अभ्यासले गेले, तेव्हा विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या सुमारे ८४ टक्के लोकांत बल्ज सापडले. केस पांढरे होतात तसं हे आहे. म्हणूनच रिपोर्टच्या तळाशी ‘क्लिनिकली कोरिलेट करा’ असं लिहितात. चित्र पाहून ठरवू नका, माणूस तपासा, असं रेडिऑलॉजिस्ट तुमच्या डॉक्टरांना सांगत असतात.

पण दोन शब्द दिसले तर थांबा. रॅडिक्युलोपथी म्हणजे नसेचं मूळ दबलंय. कमरेतून पायात किंवा मानेतून हातात वीज गेल्यासारखी कळ जाते. सायटिका हा त्यातलाच प्रकार. त्रास खूप होतो, पण बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. मायलोपथी म्हणजे खुद्द मज्जारज्जूवर दाब. हिचा घातकपणा असा की ती फारशी दुखत नाही. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, नोटा मोजताना बोटं अडखळतात, पोळी लाटताना लाटणं हातात बसत नाही, अंधारात चालताना तोल जातो. घरचे म्हणतात, वय झालं. माझ्या ओळखीच्या एका काकूंचं हेच झालं. मान दुखत नव्हती म्हणून वर्षभर कुणाला मानेची शंका आली नाही, आणि एका दवाखान्यात त्यांना नुसत्या व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळत राहिल्या. मायलोपथीत वाट पाहण्याने नुकसान होतं. गेलेली शक्ती शस्त्रक्रियेनंतर पूर्ण परत येईलच असं नसतं, म्हणून पुढचं वाचवण्यासाठी वेळेत पोहोचणं महत्त्वाचं.

आणि कंबरदुखी असलेल्या माणसाला लघवी अडल्यासारखी झाली, शौचाची जाणीव गेली, किंवा घोड्यावर बसल्यावर खोगीर जिथे टेकतं त्या भागात बधिरपणा आला, तर ते अश्वपुच्छ दबल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा सकाळच्या ओपीडीची वाट पाहायची नाही, रात्रीच इमर्जन्सीत जायचं. हे सांगायला लोकांना लाज वाटते. कृपा करून लाजू नका.

स्ट्रोक, पॅरालिसिस, सीव्हीए, इन्फार्क्ट, हॅमरेज: हे सगळं एकच का?

एकाच घटनेचे वेगवेगळे कोन. गावाकडे “अंगावरून वारं गेलं” म्हणतात, शहरात “पॅरालिसिसचा अटॅक आला”. पॅरालिसिस हा परिणाम आहे, स्ट्रोक हे कारण. सीव्हीए हे स्ट्रोकचंच जुनं नाव, डिस्चार्ज कार्डांवर अजून दिसतं. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली तर तो इस्केमिक स्ट्रोक, आणि रक्त न मिळाल्याने मेलेला भाग म्हणजे इन्फार्क्ट. रक्तवाहिनी फुटली तर हॅमरेज. इस्केमिक जास्त आढळतो.

हा फरक बाहेरून कुणालाही ओळखता येत नाही, अनुभवी डॉक्टरांनासुद्धा. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. रक्तस्राव सीटीवर लगेच दिसतो. इन्फार्क्ट पहिल्या काही तासांत बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून “सीटी नॉर्मल आला” याचा अर्थ स्ट्रोक नाही असा होत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येतं, आणि तेही रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावर. म्हणूनच घरच्या घरी अॅस्पिरिन देऊ नका. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर जांघेतून नळी घालून गुठळी बाहेर काढतात. त्याला थ्रॉम्बेक्टमी म्हणतात. निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंतही करतात. मोठी रक्तवाहिनी बंद पडते तेव्हा दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा अंदाज आहे.

त्यामुळे चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक झालं तरी घड्याळ बघा आणि निघा. “शेवटचे धडधाकट कधी दिसले?” हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असेल. १०८ ला फोन करा. आणि आज, सगळे ठणठणीत असताना, आपल्या घराजवळच्या कोणत्या रुग्णालयात चोवीस तास सीटी आणि हे इंजेक्शन मिळतं ते चौकशी करून फ्रिजवर लिहून ठेवा. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सात वाजता अडकलेल्या गाडीत बसून ही चौकशी करू नये. मी ज्यांचे व्यायाम घेते त्यांतले कितीतरी जण आधी सीटी नसलेल्या ठिकाणी गेले, तिथे सलाईन लागलं, आणि मग पुढे पाठवलं गेलं. तोवर ते साडेचार तास उलटून गेले होते.

टीआयए असं लिहिलं असेल तर लक्षणं आली आणि आपोआप गेली. “बरं झालं, गेलं” म्हणून सोडू नका. मोठा स्ट्रोक येण्याचा धोका पुढच्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो, त्यामुळे त्याच दिवशी तपासणी हवी.

तोंड वाकडं झालं म्हणजे स्ट्रोकच का?

नाही. “तोंडावरून वारं गेलं” म्हणतात ते बऱ्याचदा बेल्स पाल्सी असतं, म्हणजे चेहऱ्याच्या नसेची सूज. त्यात कपाळावरच्या आठ्याही एका बाजूला पडत नाहीत आणि डोळा मिटत नाही. स्ट्रोकमध्ये बहुधा कपाळाला धक्का लागत नाही, आठ्या पडतात. पण हा फरक डॉक्टरांनी बघायचा आहे. तुम्ही दोन्ही वेळा तितक्याच घाईने जा.

हेमिप्लेजिया, हेमिपॅरेसिस, पॅराप्लेजिया… आणि ‘पॉवर ३/५’?

हेमि म्हणजे अर्धं अंग, एका बाजूचा हात-पाय. पॅरा म्हणजे दोन्ही पाय. क्वाड्री किंवा टेट्रा म्हणजे चारही. शेवटी प्लेजिया असेल तर शक्ती पूर्ण गेली, पॅरेसिस असेल तर कमी झाली. ‘प्लेजिया’चं ‘पॅरेसिस’ झालेलं फाईलमध्ये दिसलं की मी घरच्यांना ती जागा मुद्दाम दाखवते. ती प्रगती असते.

डावा हात-पाय गेला तर बिघाड सहसा मेंदूच्या उजव्या बाजूला असतो, कारण वाटा मध्ये ओलांडतात. रिपोर्टात ‘राइट’ वाचून “चुकीचा रिपोर्ट दिला” म्हणून लॅबशी भांडायला जाऊ नका. असं झालेलं मी पाहिलंय.

पॉवर म्हणजे स्नायूची ताकद, आणि ३/५ म्हणजे साठ टक्के नव्हे. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही. एक म्हणजे स्नायू नुसता फुरफुरतो. दोन म्हणजे पलंगावर घसटत हात हलतो. तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तो उचलता येतो. चार म्हणजे मी दाबलं तरी थोडा टिकतो, पाच म्हणजे नॉर्मल. दोनवरून तीनवर जाणं ही फार मोठी उडी आहे. पाणी प्यायला ग्लास तोंडापर्यंत नेण्यातला फरक तोच असतो.

सासूबाई सगळं समजतात, पण बोलताना भलताच शब्द येतो. डोक्यावर परिणाम झालाय का?

याला अफेझिया म्हणतात. मेंदूच्या, बहुतेक लोकांत डाव्या बाजूच्या, भाषेच्या केंद्राला इजा होते. विचार शाबूत असतो, शब्द हाताला लागत नाही. कुणाला बोलता येत नाही पण कळतं, कुणी घडाघडा बोलतं पण अर्थ लागत नाही. डिसार्थ्रियात शब्द बरोबर असतात पण जीभ-ओठांची ताकद कमी असल्याने उच्चार बोबडे येतात. तिसरा डिसफेजिया, म्हणजे गिळायला त्रास. तो बोलण्याचा नाहीच, पण नाव सारखं वाटतं. गिळायचा त्रास असताना पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून हा एक शब्द नीट वाचा.

वागळे इस्टेटमधल्या एका आजोबांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. गणपतीत घरात आरती सुरू झाली आणि ते पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांबरोबर म्हणाले. घरातले रडले. पाठांतर आणि चाल यांची वाट मेंदूत थोडी वेगळी असते. वाचाउपचारात या वाटेचा उपयोग करून घेतात. अशा माणसासमोर “त्यांना काही कळत नाही” असं बोलू नका. त्यांना कळत असतं.

पडल्यावर डोक्यात ‘सबड्युरल’ रक्त साकळलंय म्हणतात. आणि जीसीएस कमी म्हणजे?

मेंदूवर तीन आवरणं असतात, त्यातलं बाहेरचं जाड आवरण ड्युरा. रक्त ड्युराच्या वर असेल तर एक्स्ट्राड्युरल, खाली असेल तर सबड्युरल. एक्स्ट्राड्युरलमध्ये कधीकधी माणूस शुद्धीवर येतो, नीट बोलतो आणि काही तासांत अचानक ढासळतो. खड्ड्यात बाईक घसरून डोकं आपटलेल्या मुलाने “मी ठीक आहे” म्हटलं तरी त्याला एकटं झोपू देऊ नये ते यासाठी. सबड्युरल वयस्कर माणसांत संथपणे वाढतं. बाथरूममध्ये किरकोळ डोकं आपटलं होतं हे सगळे विसरून जातात, आणि तीन-चार आठवड्यांनी आजी सुस्त होतात, पाय ओढतात, विसरायला लागतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका जास्त. हे विसरणं म्हातारपणाचं मानलं जातं, आणि कवटीला छोटं छिद्र पाडून सुटण्यासारखा आजार तसाच राहतो.

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. ग्लासगोमधल्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली मांडलेली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ गुण, मिळून १५. सर्वांत कमी गुण ३ असतात, शून्य नव्हे. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे परिस्थिती गंभीर.

फिट, आकडी, मिरगी आणि एपिलेप्सी एकच?

फिट किंवा आकडी ही एक घटना. एपिलेप्सी, म्हणजे मिरगी किंवा अपस्मार, हा आजार. साखर खूप कमी झाली, ताप चढला म्हणून एकदा फिट आली तर एपिलेप्सी म्हणत नाहीत. असं कारण नसताना २४ तासांहून जास्त अंतराने दोनदा आली, किंवा पुन्हा येण्याची शक्यता तपासण्यांतून बरीच दिसली, तर म्हणतात. चप्पल हुंगवणं, कांदा, मुठीत लोखंड, दातांत चमचा यातलं काही करू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर ती इमर्जन्सी.

‘ताप मेंदूत गेला’ म्हणजे काय? आणि पाठीतलं पाणी काढलं तर पाय जातात का?

आवरणांना संसर्ग झाला तर मेनिंजायटिस, खुद्द मेंदूला झाला तर एन्सेफलायटिस. आपल्याकडे क्षयाचा मेनिंजायटिसही होतो. तो हळूहळू सुरू होतो, त्याची औषधं अनेक महिने चालतात, आणि ती मधेच सोडली तर जिवावर बेततं.

पाठीतल्या पाण्याची भीती मात्र मनातून काढून टाका. लंबर पंक्चरची, म्हणजे हे पाणी काढायच्या तपासणीची, सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये घालतात, आणि मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो हे तुम्ही वाचलंच. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं हे पाणी शरीरात साधारण १५० मिलिलिटर असतं आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं. तपासणीला लागतं ते चमचा-दोन चमचे. नंतर डोकं दुखू शकतं, ते बहुधा काही दिवसांत थांबतं. या भीतीपोटी नातेवाइकांनी सहीला दोन दिवस लावले आणि मेनिंजायटिसचं निदान लांबलं, असं घडतं.

एमआरआयमध्ये ‘लीजन’, ‘एसओएल’, ‘रिंग एनहान्सिंग’ लिहिलंय. ट्यूमर आहे का?

लीजन म्हणजे नेहमीपेक्षा वेगळा दिसणारा भाग, इतकंच. जुना व्रण, सूज, जंतुसंसर्ग, गाठ, काहीही. एसओएल म्हणजे जागा व्यापणारी वस्तू. ती काय आहे ते अजून ठरलेलं नसतं.

रिंग एनहान्सिंग म्हणजे रंगद्रव्य दिल्यावर कडेने कडं उजळलं. आपल्या देशात याची दोन नेहमीची कारणं म्हणजे क्षयाची गाठ, ट्यूबरक्युलोमा, आणि फीतकृमीच्या अळीची गाठ, न्यूरोसिस्टिसर्कोसिस. दोन्हींवर औषधं आहेत. “आम्ही माळकरी, आमच्या घरात हा जंतू कसा?” असं मला एका बाईंनी कळवळून विचारलं होतं. डुकराचं मांस खाणाऱ्याच्या पोटात फीतकृमी वाढतो, पण त्याची अंडी विष्ठेतून माती-पाण्यात आणि तिथून न धुतलेल्या भाजीवर येतात. मेंदूतली गाठ या अंड्यांमुळे होते, म्हणून शाकाहारी माणसालाही होते. यात कुणाचाही दोष नाही.

आणि खरोखर ट्यूमर असला तर नाव विचारा, ग्रेड विचारा. मेनिंजिओमा आवरणातून उगवतो आणि बहुधा साधा असतो. ग्लिओमा मेंदूच्या आधारपेशींतून. ग्रेड १ ते ४ असते, ग्लिओब्लास्टोमा चौथ्या ग्रेडचा. कवटी ताणली जात नाही, म्हणून ‘बिनाइन’, म्हणजे कॅन्सर नसलेली, गाठही आत दाब वाढवते आणि काढावी लागू शकते. कॅन्सरच्या उपचारांसाठी नवी मुंबईकरांना दर वेळी परळ गाठावं लागतं असं नाही, खारघरला टाटा मेमोरियलचंच अॅक्ट्रेक हे केंद्र आहे.

हात थरथरतात म्हणजे पार्किन्सन?

कप उचलताना थरथरणारा हात बहुतेकदा इसेन्शियल ट्रेमरचा असतो. पार्किन्सनचा, म्हणजे कंपवाताचा, हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना थरथरतो, आणि त्याच्या जोडीला हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जातं. काहींना कंप नसतोही.

जीबीएस मेंदूचा आजार आहे का?

नाही. जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, मेंदू आणि मज्जारज्जूबाहेरच्या नसांचा आजार. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात रुग्ण वाढले तेव्हापासून हे नाव सगळ्यांना माहीत झालं. शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते, बऱ्याचदा जुलाब किंवा सर्दी-खोकल्यानंतर. अशक्तपणा पायांकडून वर चढतो. श्वासाचे स्नायू सापडले तर व्हेंटिलेटर लागतो, पण बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात. वेळ लागतो, कधी महिने.

रिपोर्टमधल्या बारीकसारीक खुणा?

‘अनरिमार्केबल’ म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, छान. ‘नेगेटिव्ह’ म्हणजे सापडलं नाही, हेही छान. ‘के/सी/ओ’ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार. शब्दाच्या आधी प्रश्नचिन्ह म्हणजे नुसती शंका. ‘आर/ओ’ म्हणजे हे नाही ना, ते तपासा. या दोन खुणांनंतरचा शब्द गूगलवर टाकून रात्र जागवू नका. ‘इडिओपॅथिक’ म्हणजे कारण सापडलं नाही. ‘एज रिलेटेड अॅट्रॉफी’ म्हणजे वयाने मेंदू थोडा आकसला. सत्तरीच्या पुढे बहुतेकांच्या रिपोर्टात असतं.

न्यूरोलॉजिस्टकडे जा म्हणतात. ते मानसिक आजारांचे डॉक्टर का?

आपल्या गावाचं नाव या गैरसमजात अडकलंय. १९०१ सालापासून इथे मनोरुग्णालय आहे, आणि महाराष्ट्रभर “ठाण्याला पाठवा” हे टोमण्यासारखं बोललं जातं. मला हे ऐकून वाईट वाटतं, तिथे उपचार घेणाऱ्यांसाठीही. न्यूरोलॉजिस्ट मेंदू, मज्जारज्जू आणि नसांवर औषधांनी उपचार करतात, न्यूरोसर्जन शस्त्रक्रिया करतात, आणि मन, भावना, विचार यांच्या आजारांचे डॉक्टर म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. स्ट्रोकनंतर पुष्कळांना नैराश्य येतं. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञही लागतात, आणि त्यात कमीपणा नाही.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी कोणता शब्द लागतो?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, सेरेब्रल पाल्सी आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार येतात. स्ट्रोक किंवा मज्जारज्जूच्या इजेनंतरचा हातापायांचा कमकुवतपणा ‘लोकोमोटर’ म्हणजे चलनवलनाच्या अपंगत्वात मोजतात. बऱ्याच सवलतींना ४० टक्के किंवा जास्त लागतात. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘वीकनेस’ असेल तर डॉक्टरांकडून पूर्ण निदान आणि बाजू लिहून घ्या. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी मात्र सरकारी रुग्णालयात.

जुन्या एमआरआय फिल्म ठेवायच्या का? रिपोर्ट तर आहे.

ठेवा, आणि प्रत्येक भेटीला न्या. वाढलं की कमी झालं हे नवी फिल्म जुन्या फिल्मशेजारी लावल्यावरच कळतं. घडी घालू नका. पावसाळ्यात ठाण्यातल्या भिंतीलगतच्या कपाटात त्या एकमेकींना चिकटतात, म्हणून उभ्या ठेवा, मध्ये कोरा कागद घाला. सीडी मिळाली असेल तर कुणाला तरी सांगून ती पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, हल्ली बऱ्याच लॅपटॉपना सीडी लागत नाही.